व्यग्र चिकित्सकाची औषधी वाटिका : वेळ आणि बळ यांचा विचार

प्रास्ताविक

बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात द्रव्यगुण विषयाच्या निमित्ताने प्रत्येकाने महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानात काही तास घालविलेले असतात. हर्बेरियमच्या वहीत पाने चिकटविलेली असतात, वनसहलीही झालेल्या असतात. पुढे व्यवसायात पदार्पण केल्यावर मात्र औषधी द्रव्याशी आपला संबंध बहुधा डबी, बाटली आणि पुडी यांच्यापुरताच उरतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी जाणतात. परंतु त्यांची युक्तिपूर्वक योजना वैद्यच जाणतो. आज नेमके उलटे चित्र दिसते. योजना आपणांस ठाऊक असते, रूप मात्र विस्मृतीत गेलेले असते.

यावर उपाय सर्वांनाच माहीत आहे : दवाखान्यालगत किंवा घराशेजारी एखादी लहानशी औषधी वाटिका असावी. या विषयी वैद्यबंधूंशी बोलताना एकच उत्तर ऐकू येते, "इच्छा आहे, पण वेळ कुठे आहे ? आणि रात्री दवाखाना बंद केल्यावर अंगात त्राण तरी कुठे उरते ?" प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचाच विचार शास्त्राच्या आधारे व प्रत्यक्ष अनुभवातून केला आहे. आमच्या दवाखान्यामागे सुमारे दोनशे चौरस फूट जागेत अशी वाटिका काही वर्षांपासून आहे. तिच्या निमित्ताने जे जमले तेच येथे मांडीत आहोत.

विषयाची निकड

वाटिका ही हौस नसून व्यवसायाची गरज आहे, हे अलीकडच्या काळात विशेषत्वाने जाणवले. कोविडच्या साथीत गुळवेलीचा वापर घरोघरी वाढला. २०२१ साली मुंबईतील सहा रुग्णांमध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकृती आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावर आयुष मंत्रालयाने गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा या दोन वेलींमध्ये गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. अहवाल देणाऱ्या यकृततज्ज्ञांचे मत निराळे होते आणि ते आपणही मोकळ्या मनाने वाचले पाहिजे. यकृतरोगाचा वा स्वप्रतिकारजन्य व्याधीचा पूर्वेतिहास विचारल्यावाचून गुळवेल दीर्घकाळ देऊ नये व कावीळ दिसताच ती तत्काळ थांबवावी, एवढी दक्षता तर निर्विवाद आहे.

तथापि त्या काळात रुग्ण आपापल्या अंगणातील वेलीचा तुकडा घेऊन दवाखान्यात येऊ लागले व "हीच ती का ?" असे विचारू लागले. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथाचे पान उघडून देता येत नाही. ज्याने वेल वाढविली, तोडली, सोलली त्यालाच ते देता येते. हीच गोष्ट काष्ठौषधी विकणाऱ्या औषधालय मालकांची. पोत्यातून आलेला माल खरा की खोटा, हे ठरविण्यासाठी तुलनेला जिवंत वनस्पती हाताशी असणे यासारखे स्वस्त साधन नाही.

थकवा कोणता : श्रम की क्लम ?

प्रथम बळाचा प्रश्न घेऊ, कारण वेळ असूनही बळ नसल्याने वाटिका ओस पडते.

दिवसभर शेतात राबलेला मनुष्य आणि दिवसभर खुर्चीवर बसून रुग्ण तपासलेला वैद्य, दोघेही सायंकाळी "थकलो" असेच म्हणतात. परंतु शास्त्रदृष्ट्या हे दोन थकवे एक नव्हेत. पहिला श्रम होय. दुसऱ्याचे वर्णन सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात क्लम या नावाने केले आहे : शरीराला आयास न घडताही वाढणारा, धाप न लागणारा आणि इंद्रियांना आपल्या विषयांचे ग्रहण करू न देणारा थकवा. एकामागून एक रुग्णांच्या व्यथा ऐकणे, निर्णय घेणे, दूरध्वनी, हिशेब यांतून येणारी ग्लानी या लक्षणांशी तंतोतंत जुळते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, चिकित्सा त्यावर अवलंबून आहे. श्रमाला विश्रांती, अभ्यंग, स्निग्ध आहार व निद्रा हे उपाय आहेत. क्लमाला मात्र नुसते बसून राहणे हा उपाय होत नाही. दिवसभर बसलेला मनुष्य रात्री पुन्हा दूरदर्शनसमोर किंवा भ्रमणध्वनी घेऊन बसला, तर क्लम तसाच राहतो आणि वर आस्यासुखाची भर पडते. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंत आस्यासुख व स्वप्नसुख अग्रभागी सांगितले आहे. आपण रुग्णाला ज्यासाठी रोज बजावतो, तोच हेतू आपल्या व्यवसायाच्या रचनेतच दडलेला आहे. अशा स्थितीत मातीतील अल्प व नियमित काम ही शक्तीची उधळपट्टी ठरत नाही. क्लमाने जडावलेल्या शरीराला त्यातून लाघव येते.

मात्र येथे मात्रा सांभाळली पाहिजे. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा दंडक बागकामालाही तेवढाच लागू आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम येणे, तोंडाला कोरड पडणे आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटणे ही अर्धशक्तीची चिन्हे दिसताच खुरपे खाली ठेवावे. शीतकाळात व वसंतात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने अर्धशक्ती वापरावी, इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे वाग्भटाचार्य सांगतात. वाटिका सुटण्याचे एक मोठे कारण असे की, पुष्कळजण पहिल्या रविवारी उत्साहाने चार तास खणतात, कंबर धरते, आणि पुढचे तीन रविवार तिकडे फिरकत नाहीत. भोजनानंतर लगेच, अजीर्ण असताना किंवा रात्री जागरण झाले असताना काम करू नये. काम आटोपल्यावर कंबर, गुडघे व तळहात यांना तिळाचे तेल लावावे.

वाटिकेचे आकारमान

युरोपात शहरवासीयांना भाडेपट्ट्याने लहान बागा देण्याची पद्धत जुनी आहे. जर्मनीत या बागांना 'श्रेबर बाग' म्हणतात आणि गंमत अशी की, ते नाव लाइपझिग येथील एका वैद्यकाचे आहे. डॉ. श्रेबर यांनी मुलांच्या शारीरिक वाढीविषयी लेखन केले होते. त्यांच्या निधनानंतर १८६४ मध्ये त्यांच्या नावाने तेथे संस्था निघाली व मुलांसाठी क्रीडांगण झाले. पुढे एका शिक्षकाने क्रीडांगणाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखून दिले. मुलांचा उत्साह थोड्याच काळात ओसरला, तण माजले, आणि अखेर पालकांनी ते वाफे हाती घेतले. आजच्या कौटुंबिक बागांचा उगम त्यात आहे. १९८३ च्या जर्मन कायद्याने अशा बागेचे क्षेत्र चारशे चौरस मीटरपेक्षा अधिक नसावे असे ठरविले आहे. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्यापासून स्थानिक संस्थांवर अशा जमिनी उपलब्ध करण्याची जबाबदारी आहे. तेथील पारंपरिक तुकडा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा असतो, पण नोकरदारांना तेवढा झेपत नाही म्हणून आता अनेक ठिकाणी अर्धा तुकडाच देतात.

यातून घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. बाग उत्साहाच्या मापाने आखू नये. सर्वांत कंटाळलेल्या दिवशी जेवढी सांभाळता येईल तेवढीच आखावी. आपल्याकडील एकट्या चिकित्सकासाठी शंभर चौरस फूट, म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागा, आरंभास पुरेशी आहे. जागा नसल्यास गच्चीवर बारा ते पंधरा मोठ्या कुंड्या चालतील.

वेळेचे नियोजन

आमच्या अनुभवाने पुढील त्रिविध विभागणी टिकाऊ ठरते.

१) दैनिक : सकाळी शौचविधीनंतर व न्याहारीपूर्वी वीस मिनिटे. यात पाणी घालणे, एक फेरी मारून निरीक्षण करणे व हाताशी येईल तेवढे तण उपटणे एवढेच करावे. सायंकाळची वेळ ठेवू नये. शेवटचा रुग्ण केव्हा येईल हे आपल्या हाती नसते.

२) साप्ताहिक : सुट्टीच्या दिवशी दीड तास. खुरपणी, खत, आधार बांधणे, छाटणी व ताज्या द्रव्यांचे संकलन.

३) ऋतुसंधीचे काम : वर्षातून चार वेळा अर्धा दिवस. लावणी, मुळे काढणे, माती बदलणे इत्यादी.

दैनिक व साप्ताहिक मिळून आठवड्याला सुमारे पावणेचार तास होतात. त्यातही सकाळची वीस मिनिटे ही व्यायामाचीच वेळ असल्याने ती वेगळी काढावी लागत नाही.

वर्षाकाळात ज्वर, अतिसार, कास यांच्या रुग्णांमुळे दवाखान्यात गर्दी असते आणि नेमके तेव्हाच तण जोमाने वाढते. म्हणून लावणीचे सर्व काम पहिल्या दोन पावसांतच उरकावे आणि मोकळ्या मातीवर चार बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. त्याने तणाचे काम पुष्कळ कमी होते व उन्हाळ्यात ओलही टिकते. परगावी जावयाचे असल्यास झाडांच्या मुळांजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवावे व वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत राहते व झाडे काही दिवस तग धरतात.

वनस्पतींची निवड

सुरुवातीस पन्नास वनस्पती जमविण्याचा मोह टाळावा. निवडीस शार्ङ्गधराचार्यांचे मार्गदर्शन उत्तम आहे. सामान्यतः आर्द्र द्रव्य शुष्काच्या दुप्पट घ्यावे असा नियम आहे. परंतु गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही द्रव्ये सदैव आर्द्रच वापरावी व ती दुप्पट घेऊ नयेत, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे जी द्रव्ये ओलीच हवीत ती बाजारातून पुडीत येऊ शकत नाहीत. ती दारातच असली पाहिजेत. या यादीतील तीन आणि नित्य उपयोगाच्या आणखी दोन, अशा पाच वनस्पतींनी आरंभ करावा.

गुळवेल : बोटाएवढ्या जाडीची, दोन-तीन डोळे असलेली कांडी पावसाच्या आरंभी लावावी. कडुनिंबाचा आधार मिळाल्यास उत्तम. छिन्नरुहा हा पर्याय वेल तोडल्याशिवाय कळत नाही : तोडलेली कांडी नुसती टांगून ठेवली तरी पालवते. जाड खोड आडवे कापल्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, ती पाहिल्यावर चक्रलक्षणिका हे नाव पुन्हा पाठ करावे लागत नाही. खऱ्या गुडूचीचे खोड हिरवट असते व त्यावर उंचवटेदार गाठी नसतात. टिनोस्पोरा क्रिस्पाचे खोड राखाडी, ठळक चामखिळींसारख्या गाठींचे असते व त्यातून दुधाळ स्राव येतो. सत्त्वासाठी अंगठ्याएवढे जाड झालेले जुने खोड घ्यावे.

अडुळसा : फांदीचे वीतभर तुकडे पावसाळ्यात सहज जगतात. शेळ्या यास तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाच्या कडेला लावल्यास दोन्ही कामे साधतात. याच्या पानांतून नुसते कुटून फारसा रस निघत नाही, म्हणूनच शास्त्रात वासास्वरसासाठी पुटपाकाची योजना आहे. दवाखान्यात पाने वाफवून कुटून पिळली तरी काम भागते.

शतावरी : वाळूमिश्रित, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत लावावी. काट्यांमुळे वाटेच्या कडेला नको. मुळे काढण्याची घाई करू नये. किमान दीड वर्ष जाऊ द्यावे. मुळे काढताना वरचा कोंब असलेला भाग पुन्हा लावावा. एका रोपाच्या बुडाशी निघालेला मुळांचा झुबका पाहिला की, शतमूली व बहुसुता ही नावे का पडली ते उमगते.

पुनर्नवा : हिचे मूळ जमिनीत राहते, वरचा भाग उन्हाळ्यात वाळून जातो व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो. नावाचा अर्थ एका वर्षात प्रत्यक्ष दिसतो. हिच्याशी विषखापऱ्याची गल्लत होते. विषखापऱ्याची पाने मांसल असून फूल पानाच्या बेचक्यात एकेकटे चिकटलेले असते; पुनर्नवेची बारीक गुलाबी फुले देठावर झुपक्याने येतात व तिची चिकट फळे कपड्यांना लागतात.

माका : ओलसर जागी आपोआप येतो. रोपवाटिकेत माका म्हणून पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वनस्पती दिली जाते, ती भृंगराज नव्हे. खऱ्या माक्याचे फूल पांढरे असते व त्याचा रस हाताला लागल्यास थोड्या वेळात काळसर होतो.

या पाचांवर हात बसल्यावर तुळस, निर्गुडी, कोरफड, हळद, वेखंड, पिंपळी व मंडूकपर्णी क्रमाने वाढवाव्या. मंडूकपर्णी व नीरब्राह्मी शेजारी-शेजारी दोन कुंड्यांत लावाव्यात. बाजारात दोन्हींना ब्राह्मी हेच नाव असल्याने दुकानातील सहकाऱ्यांना फरक दाखविण्यास त्या उपयोगी पडतात.

ऋतूनुसार संकलन

द्रव्यसंग्रहाचे नियम कल्पस्थानात आपण वाचले आहेत. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात अथवा पानगळ झालेल्या शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात आणि फुले-फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत घ्यावीत. हे कोष्टक वाटिकेच्या कामाचेही वेळापत्रक ठरते. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबरात साफसफाई, जानेवारीत मुळे काढणे व मार्चमध्ये छाटणी, अशी चार अर्ध्या दिवसांची कामे त्यात बसतात. एका वहीत प्रत्येक वनस्पतीची लावणी, पहिला बहर, पानगळ व संकलन यांच्या तारखा नोंदवाव्यात. तीन वर्षांच्या नोंदींतून आपल्या गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होते.

आवश्यक दक्षता

औषधासाठी वापरावयाच्या झाडांवर रासायनिक कीटकनाशक मारू नये. कडुनिंबाची पेंड व निंबोळी अर्क यांवर भागवावे. खत म्हणून कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घालावे. सांडपाण्याच्या नाल्यालगतची किंवा वर्दळीच्या रस्त्याकडेची जागा टाळावी. धोत्रा, कण्हेर, गुंज, एरंड यांसारख्या विषारी बीजांच्या वनस्पती मुलांचा वावर असलेल्या अंगणात लावू नयेत. ओळख निश्चित होईपर्यंत कोणतीही वनस्पती रुग्णास देऊ नये; शंका असल्यास द्रव्यगुणाच्या अध्यापकांकडून किंवा वनस्पतिशास्त्र विभागातून नमुना तपासून घ्यावा.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये वैद्याने स्वतःच्या रुग्णांपुरते औषध तयार करण्यास सवलत आहे. तेच औषध दुकानातून विकावयाचे झाल्यास उत्पादन परवाना आवश्यक ठरतो. औषधालय मालकांनी वाटिकेचा उपयोग ओळख व तुलना यांसाठी करावा, ते अधिक श्रेयस्कर.

सहकाराची वाट

ज्यांना एकट्याने हे जमणे कठीण वाटते, त्यांच्यासाठी एक सूचना करावीशी वाटते. एका गावातील चार-पाच चिकित्सक व औषधालय मालकांनी मिळून प्रत्येकी चार-पाच निरनिराळ्या वनस्पती सांभाळाव्यात. पावसाळ्याच्या तोंडी कांड्या व रोपांची देवाणघेवाण करावी आणि एखादा परगावी गेल्यास दुसऱ्याने पाणी घालावे. अशा रीतीने कोणावरही भार न पडता गावात वीस-पंचवीस द्रव्ये ताजी उपलब्ध राहतात. संघटनेच्या तालुका शाखांच्या मासिक सभेत व्याख्यानापूर्वी दहा मिनिटे एका जिवंत वनस्पतीची ओळख करून देण्याचा प्रघात पाडल्यास हा उपक्रम आपोआप टिकेल.

उपसंहार

वेळ नाही ही तक्रार बहुधा आकारमान चुकल्याची असते आणि बळ नाही ही तक्रार क्लमाला श्रम समजल्याची. आकारमान लहान ठेवले, काम सकाळी व अर्धशक्तीने केले आणि निवड शास्त्राधारे केली, तर आठवड्याच्या सुमारे पावणेचार तासांत रुग्णाला ताजे द्रव्य, औषधालयाला खात्रीचा नमुना व वैद्याला स्वतःचे आरोग्य असा त्रिविध लाभ होतो. येत्या पावसाळ्याच्या आरंभी प्रत्येक वाचकाने निदान गुळवेलीची एक कांडी आपल्या हाताने लावावी, एवढीच विनंती.

स्वाध्याय

१) श्रम व क्लम यांतील भेद सांगून स्वतःच्या दिनचर्येत कोणता प्रबळ आहे ते लिहा.
२) सदैव आर्द्र घ्यावयाच्या नऊ द्रव्यांपैकी किती द्रव्ये आपल्या परिसरात जिवंत पाहिली आहेत ?
३) पुनर्नवा व विषखापरा यांचे ताजे नमुने मिळवून फुले व फळे यांवरून फरक नोंदवा.
४) आपल्या औषधालयातील ब्राह्मी ही मंडूकपर्णी आहे की नीरब्राह्मी, हे तपासा.